पाय वाशावर ठेवा, पाव्हणं

खिशातला फोन इथेच काढून ठेवा. तिकडे तो चालणार नाही, आणि उन्हात तापून मांडीला चटका देईल तो वेगळाच. चष्मा राहू द्या. बूट मात्र नकोत. ते घालून आलात तर कौलं शाकारणारे बुवा तुम्हाला शिडीच्या पहिल्या पायरीवरसुद्धा उभं राहू देणार नाहीत. डोक्याला एखादं उपरणं गुंडाळा, घट्ट. झालं? मग डोळे मिटा आणि नाकातोंडात कोळशाचा धूर जाऊ द्या.

जीआयपी रेल्वेचा तिसऱ्या वर्गाचा डबा. वैशाख उतरणीला लागलाय, मृगाला पंधरा-वीस दिवस राहिलेत. साल म्हणाल तर १९३५ च्या मागेपुढे कुठेतरी. डब्यात कुणाला विचारू नका. तो साल सांगायचा नाही, उलट ‘औंदा पाऊस कसा हाय म्हणायचा?’ हे तुम्हालाच विचारील. लाकडी बाकावर सहाजणांच्या जागेत दहाजण बसलेत. बाकाखाली कोंबड्यांची डालगी आहे आणि त्यातली एक कोंबडी तुमच्या पोटरीवर चोच घासून बघतेय. समोरच्याने चंची सोडून पान जुळवायला घेतलंय. त्याच्या बोटाचा उरलेला चुना गाडीच्या हिसक्यासरशी तुमच्या सदऱ्याला लागला. चालायचंच. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका हे आधीच सांगायला हवं होतं. काढलंत ना? गेला डोळ्यात कोळशाचा कण. चोळू नका. शेजारची म्हातारी पदराचं टोक जिभेवर ओलं करून तो अलगद काढून देईल, आणि तेवढ्या वेळात तुमचं गाव, आडनाव, लग्न झालंय की नाही, झालं असेल तर पोरं किती, हे सगळं काढून घेईल.

पुण्याहून दिकसाळपर्यंत ही गाडी १८५८ पासून धावतेय, त्यामुळे तिचं कौतुक आता कुणाला उरलेलं नाही. आग ओकणारं इंजिन बघायला रस्त्याकडेची पोरंसुद्धा मान वर करत नाहीत. डब्यातली निम्मी माणसं पुढे दौंडला उतरून मनमाडची गाडी धरणार आहेत. स्टेशनच्या पाटीवर त्या गावाला ‘धोंड’ केलंय. लोकांनी ते मनावर घेतलेलं नाही. तुम्ही मात्र यवतला उतरा. उतरा म्हणजे काय, मागून येणारा लोंढा उतरवेलच.

बाहेर छकडा उभा आहे. माटोबा तलावाच्या पाटकऱ्याने तो तुमच्यासाठी धाडलाय. गाडीवान पोरसवदा आहे, मिसरूड अजून फुटायचंय. तो तुमच्याकडे न बघता विचारतो, ‘पुन्याचं पाव्हणं तुमीच का?’ तुमच्या सदऱ्यावरून त्याला ते कळलेलंच आहे. छकड्यात कडब्याच्या पेंढ्या अंथरल्यात. बसा. कडबा टोचणार, धावेखाली धोंडा आला की दात दातावर आपटणार, आणि फर्लांगभरात पाठीचे मणके एकेक करून आपली ओळख देणार. रस्त्यावर धूळ नाही, फुफाटा आहे. पिठासारखा मऊ, तापलेला, घोट्यापर्यंत पाय गिळणारा. बैलांच्या खुरांनी तो उडतो आणि खाली बसायची घाई करत नाही. भुवया, मिश्या, कानाच्या पाळ्या, सगळं एका रंगाचं होतं.

उजव्या हाताला दूर भुलेश्वराची डोंगररांग उन्हात पुसट झालीय. बाकी सगळं उघडं. नांगरून टाकलेली रानं, बांधावरच्या बाभळी, त्यांच्या विरविरीत सावलीत दाटीने उभी राहिलेली मेंढरं. सह्याद्रीच्या पाठीमागचा हा मुलूख. पाऊस घाटमाथ्यावर आपली पखाल रिकामी करून येतो आणि दौंड-शिरूरवर उरलेले शिंतोडे मारतो. मग अशा ठिकाणी कौलं शाकारायची तरी कशाला, असा प्रश्न तुम्हाला छकड्यात पडेल. जपून ठेवा. उत्तर मिळेल, आणि ते वरूनच मिळेल.

एका वळणावर वास बदलतो. इतका वेळ धूळ, घाम आणि बैल. आता शेवाळ, चिखल आणि म्हशी. बैलांनाही तो कळलाय, ते न हाकता पाय उचलायला लागलेत. छकडा बांधाच्या पायथ्याशी थांबतो. चढा वर.

तळ्याकाठचं घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरातलं चित्र येतं ना? ते पुसा. वैशाखातला माटोबा काठ सोडून आत आत गेलेला आहे. जिथे पाणी असायला हवं तिथे आधी भेगाळलेली काळी जमीन, भेगा अशा की हात मनगटापर्यंत जावा. मग गाळपेर: पाणी हटलं तसतशी लोकांनी त्या ओल्या गाळात काकड्या नि कलिंगडं लावलीत. मग म्हशी. आणि त्यांच्याही पलीकडे पाणी, चहात जरा दूध जास्त पडावं अशा रंगाचं. टिटव्या तुमच्यावर ओरडत सुटल्यात; त्यांची अंडी इथेच उघड्यावर कुठेतरी आहेत, तेव्हा पाय बघून टाका.

हे पाणी इथलं नाही. खडकवासल्याला फाईफ नावाच्या इंजिनिअर साहेबाने धरण योजलं, तिथून उजवा कालवा पुण्याच्या पोटातून निघाला आणि पूर्वेला सुमारे ७० मैल वळणं घेत पाटसपर्यंत आला. माटोबा त्या कालव्याच्या कुशीतला साठा. तो खणला गेला १८७६-७७ च्या दुष्काळात, पोटासाठी आलेल्या माणसांच्या हातांनी. बुवा तुम्हाला सांगतील. त्यांच्या आजीने ह्या बांधावर मातीच्या टोपल्या वाहिल्यात. गड्याला दिवसाचं एक रत्तल धान्य आणि एक आणा, बाईला त्याहून कमी. ‘आमच्या म्हातारीची पाटी हितंच कुटंतरी दाबलीया,’ असं म्हणून ते बांधावर टाच आपटतात. त्यापुढे काही बोलत नाहीत, आणि तुम्हीही खोदून विचारू नका.

बांधाच्या टोकाला चौकी. आता हे कबूल करून टाकतो की ही चौकी नि तिच्यातली माणसं मी माझ्या मनाने उभी केलीत. तलाव खरा, कालवा खरा, ऊन तर फारच खरं; पण तुम्हाला हातपाय टेकायला जागा हवी, म्हणून पाटकऱ्यांच्या चौक्या असतात तशी एक घेतली. दगडी भिंतींच्या दोन खोल्या, त्यांवर मंगलोरी कौलं. मागे पाटकऱ्याने स्वतः काढलेली पडवी, तिच्यावर गावच्या कुंभाराची नळीची कौलं. पडवीत चूल, पाण्याचा रांजण आणि हिवतापाने फणफणून नुकतीच उठून बसलेली पाटकऱ्याची बायको. कालवा आला तसा ऊसही आला आणि डासही आले. पोस्टातून आणलेली कोयनेलची पुडी कोनाड्यात आहे. ती नुसती बघितली तरी जीभ कडू होते. मावशी तुम्हाला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा देतात. खडा आधी, पाणी मग. उन्हातून आल्यावर उलटं करू नका.

सकाळी, म्हणजे पुण्याला तुम्ही कूस बदलता त्या वेळी, बुवा हजर. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, अंगावर फक्त धोतर आणि उन्हाने कमावलेली पाठ. पुढच्या महिन्यात तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येईल तेव्हा ते वारीला निघणार. त्याआधी पंचक्रोशीतली जेवढी छपरं शाकारून होतील तेवढी करायची आहेत. ते तुमच्याकडे वरून खाली बघतात. ‘येतंय का चढाय?’ येतंय म्हणा. नाहीतर दिवसभर खाली उभं राहून कौलं मोजावी लागतील.

शिडी बांबूची आहे आणि कुरकुरतेय. वळचणीशी पोचलात की थांबा. आता पहिला धडा, आणि तो बुवा एकदाच देतात.

‘पाव्हणं, पाय वाशावर ठिवा. कौलावर न्हाई.’

वासा दिसत नाही हो! वर सगळी कौलंच. बुवा हसतात. वळचणीला वाशांची टोकं बाहेर आलीत, ती बघायची आणि तिथून आढ्यापर्यंत मनातल्या मनात सरळ रेघ ओढायची. त्या रेघेवरून चालायचं. घर फिरलं की वासे फिरतात हे तुम्ही लाखदा ऐकलंय; वासे न फिरलेल्या घरावर चालण्यातलं सुख आज तळव्यांना कळेल. सकाळची कौलं अजून गार आहेत. रात्रीची ओल त्यांच्या खडबडीत पाठीवर आहे, शेवाळाचे वाळलेले पापुद्रे आहेत, चिमण्यांनी कोंबलेलं गवत आहे. घाई करा. दहा वाजता ह्याच कौलावर भाकरी शेकता येईल.

काढताना आढ्याकडून खाली यायचं, लावताना वळचणीकडून वर जायचं. प्रत्येक कौल उचलायचं, झटकायचं आणि बोटाच्या मागच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर शाबूत. भद्द वाजलं तर आत तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. पहिली दहा-पंधरा कौलं तुम्हाला सारखीच वाजतील. मग हळूच कान उघडतो. तुम्ही एक कौल ‘चांगलं आहे’ म्हणून बाजूला ठेवता, बुवा आढ्याच्या पलीकडून, तुमच्याकडे पाठ करून म्हणतात, ‘ते फुटकंय.’ उचलून बघा. केसासारखी रेघ आहे.

कौलांखाली पाहुणे भरपूर. पाली तर घरच्याच. एका कौलाखाली विंचू निघतो, काळा नाही, पिवळसर, नांगी वर करून. बुवा त्याला खापरीने उचलून लांब भिरकावतात. मारत नाहीत, माळ आहे. गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं की मात्र हा अहिंसेचा विचार काही वेळ बाजूला ठेवला जातो, आणि गोवरीचा धूर वर येतो. तुम्ही धुराच्या खालच्या अंगाला बसलेले असता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि खाली पाटकऱ्याची पोरं तुमच्याकडे बोट दाखवून लोळतायत.

नळीच्या कौलांखाली तुराट्यांचा ताटवा असतो, वाशांवर घायपाताच्या दोरीने बांधलेला. तो जागोजाग कुजलाय. हाताने दाबला की भुगा होऊन खाली मावशींच्या चुलीत पडतो आणि खालून त्यांचं मत ऐकू येतं. नवा ताटवा बांधायचा. तुराट्या हाताला सालपं काढतात, दोरी ओली करून ओढली की बोटांत रुतते. दोन वाशांना भुंग्याने पोखरलंय. भोकांतून पिवळा भुसा झरतोय. सुताराला बोलावणं गेलंय, पण सुतार लग्नसराईत. म्हणून बुवा बाजूला बाभळीचा टेकू देतात आणि ‘औंदा निभंल’ म्हणतात. ह्या चौकीचा निम्मा भाग असाच दरवर्षी औंदा निभत आलेला आहे.

मग लावणी. एक कौल उताणं, त्याच्या शेजारी दुसरं उताणं, आणि दोघांच्या फटीवर एक पालथं. उताण्यातून पाणी वाहतं, पालथ्यावरून उताण्यात येतं. खालच्या कौलाच्या डोक्यावर वरच्याचा पाय चार बोटं आला पाहिजे. तीन आला तर वारा पाणी उलटं ढकलतो, पाच आला तर कौलं पुरत नाहीत. हे सगळं गणित बुवांच्या पंजात आहे. ते बोलत बोलत, मध्येच एखादा अभंग गुणगुणत, हात न बघता ओळ लावत जातात. तुमची ओळ सापासारखी निघालीय. काढा. पुन्हा लावा.

दहा वाजले हे सांगायला घड्याळ लागत नाही. तळवा खाली टेकवत नाही. हातातलं कौल ह्या हातातून त्या हातात नाचवावं लागतं. उपरण्याखाली डोकं शिजतंय, मानेवरून घामाची धार पाठीच्या पन्हळीतून कमरेपर्यंत जाते आणि तिथे तुराट्यांचा भुसा बसलाय तिथे चरचरते. तलावावरून वारा येतो तोही तापून. उतरा आता. बुवासुद्धा उतरलेत.

दुपारी कुणी काही करत नाही. बाजरीची भाकरी, कांदा, लसणीची चटणी, ताक. ताक एवढं की पोटात डुचमळतं. पडवीतल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर उघडं अंग टाका. ती गार आहे, आणि तुमच्या आयुष्यात एवढी चांगली गादी आलेली नाही. वर पाहिलंत तर न लावलेल्या चौकोनातून पांढरं आभाळ दिसतं आणि त्यातून एक उन्हाचा तुकडा तुमच्या अंगावरून सरकत जातो. तो गुडघ्यावरून छातीवर आला की उठायचं.

ऊन कलल्यावर दोन-तीन तास काम, मग हात धुवायचे. बांधातल्या मोरीच्या तोंडाशी पाणी गार असतं, आत उतरा. अंगावरची खाज जाते, कौलांचा लाल रंग पाण्यात विरतो. आणि इथे भोई मामा भेटतात.

मामा भीमेपलीकडचे. रांजणगाव सांडसच्या बाजूला, शिरूर तालुक्यात, जिथे मुळा-मुठा भीमेला मिळते तिकडचे. उन्हाळ्यात नदी डबक्यांपुरती उरली की जाळं खांद्यावर टाकून ते तलाव गाठतात. बांधाखाली पाल ठोकलंय. त्यांचं जाळं सुताचं, घरी विणलेलं, बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबडं केलेलं. रोज वाळवावं लागतं, नाही वाळवलं तर कुजतं. म्हणून दुपारभर ते बाभळीवर पसरलेलं असतं आणि सगळ्या काठाला त्याचा वास येतो. नायलॉन अजून यायचंय. तसं बरंच काही यायचंय. आज भिगवणच्या धाब्यावर तुम्ही जी चिलापी मागवता ती अजून देशातच नाही, ती येणार १९५२ मध्ये. आणि ज्या उजनीच्या पाण्यात ती माजली ते धरण पुरं व्हायला १९८० उजाडणार. मामांना ह्यातलं काही सांगू नका. त्यांना मरळ माहीत आहे, वाम माहीत आहे, शिंगटा माहीत आहे, आणि तेवढ्यात त्यांचं भागतं.

मामा पाग फेकतात ते बघा. जाळ्याची एक कड दातात, एक घडी डाव्या कोपरावर, उरलेलं उजव्या मुठीत. गुडघाभर पाण्यात उभे. बराच वेळ काहीच नाही. मग कमरेतून एक गिरकी, दात सुटतात, आणि जाळं हवेत गोल उघडून पाण्यावर बसतं. कडेचे शिशाचे मणी एकदमच बुडतात, एकच आवाज. ओढताना मामा पाय न उचलता, गाळ न ढवळता मागे येतात. जाळ्यात चांदीच्या चिल्लरीएवढी मासळी, दोन खेकडे आणि शेवाळ. ‘पोरांचं झालं,’ मामा म्हणतात. ‘आता आपलं.’

‘आपलं’ म्हणजे गळ. तुम्हाला ते एक लांबलचक बांबूची काठी देतात. दोरीला ज्वारीच्या धांड्यातल्या भेंडाचा तुकडा बांधलाय, तो तरंगतो. मोरीजवळच्या ओलीतून गांडुळं खणून घ्या. गळाला लावताना तोंड वाकडं करू नका, पोरं बघतायत. टाका आणि बसा.

आता जे होतं ते सांगायला अवघड, कारण काहीच होत नाही. दिवसभर कौल न् कौल हातातून गेलंय, बोटं सोलवटलीत, खांदे भरून आलेत. आणि आता त्या बोटांना फक्त एक काठी धरायची आहे. भेंड हलत नाही. गावाकडून भाकऱ्या थापल्याचा आवाज पाण्यावरून येतो. म्हशी घरी चालल्यात, त्यांच्या अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडलाय. डासांची पहिली फळी कानाशी आली. मामा गोवरी पेटवून वाऱ्याच्या बाजूला ठेवतात. बुवा येऊन दगडावर टेकतात. हरिपाठ व्हायचाय, पण त्याआधी ते इथे रोज बसतात.

‘बुवा, तुम्ही माळकरी, आणि मासे धरायला येता?’

‘धरतंय कोन? बघतोय. माळ खान्याच्या आड येती, बघन्याच्या न्हाई.’ आणि मग, पाण्यावरची नजर न काढता, ‘डाव्या अंगाला टाका जरा. मगाधरनं तिथं मरळ वर येतीया.’

खरंच येतेय. मरळ हवा घ्यायला पृष्ठभागावर येते. एक गोल, बारीक ‘टुप्’, आणि वलयं पसरत जातात. पण मरळीला गांडूळ चालत नाही, तिला बेडकी लागते, जिवंत. मामा ती लावून देतात. तुम्ही टाकता. भेंड एकदम आडवं होतं, बुडतं, काठी वाकते, तुम्ही उभे राहता, पाय घसरतो, बुवा ‘वढू नगा, वढू नगा, दम द्या!’ म्हणून सगळं माळकरीपण विसरून ओरडतात. आणि वर येतो तो शिंगटा. मरळ नाहीच. मिश्या हलवत, कुरकुरत. तुम्ही कौतुकाने त्याला मुठीत धरता, आणि तुम्हाला कळतं त्याला शिंगटा का म्हणतात. कल्ल्यामागचा काटा तळव्यात गेला. कळ कोपरापर्यंत. मामा शांतपणे चंचीतला चुना काढून लावतात. ‘उद्या धरशीला का मुठीत?’ नाही म्हणा.

मावशी मासे राखेत घोळतात म्हणजे हातातून सुटत नाहीत, विळीवर कापतात. कालवणात चिंचेचा कोळ आणि घरचा काळा मसाला. बुवांचं पान पलीकडे, पिठल्याचं.

चौकीवरचं मंगलोरी कौलांचं काम सोपं. खाली ताटवा नाही, नुसत्या रिपा, आणि कौलांना खाचा. एकाची खाच दुसऱ्याच्या ओठात बसली की झालं. फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची. इथे तुमचा हात जरा मोकळा सुटतो, आणि तुम्ही एक कौल उलटं करून बघता. पोटावर ठसठशीत इंग्रजी अक्षरं: बासेल मिशन टाईल वर्क्स, १८६५. कौल भाजल्याचं हे साल नव्हे, मंगलोरला मिशनऱ्यांनी कारखाना घातला तेव्हाचं. तिकडची माती, जहाजाने मुंबई, तिथून रेल्वे, आणि मग बहुधा तुम्हाला आणणाऱ्या छकड्यासारखाच एखादा छकडा. तुम्ही अक्षरांवरून बोट फिरवता, घाम टिपता, पाटकऱ्याच्या पोराला दाखवता. तो म्हणतो, ‘सगळ्यांवरच हाय की.’ तुम्ही कौल जागेवर ठेवता. बुवा पलीकडून विचारतात, ‘बसलं का खाचंत?’

बसलं, म्हणता तुम्ही.

शेवटच्या दिवशी आढ्यावरची कौलं चुन्यात बसवून होतात. चुन्यात गुळाचं पाणी घातलंय, त्यामुळे मुंग्यांची वर रांग लागलीय. संध्याकाळी गळ टाकायला निघता तेव्हा मामा जाळं गुंडाळताना दिसतात. एवढ्या लवकर? ते पूर्वेला हनुवटी दाखवतात. दौंडच्या अंगाला आभाळ काळं नाही, जांभळंही नाही, गढूळ आहे. वारा पडलाय. पाणी इतकं सपाट की त्यावर बगळा दोनदा दिसतो. मग फुफाट्याची एक भिंत येताना दिसते आणि मामा ओरडतात, ‘पळा!’

पाल उडालंच. मामा, मामी, जाळं, तवा, कोंबड्या, सगळं चौकीत. दारं लावेपर्यंत तोंडात रेती. वीज अशी की खोलीतल्या माणसांचे दात दिसावेत. आणि मग वळीव. थेंब नव्हेत, आधी गारा. शाकारलेल्या छपराखाली बसून गारा ऐकलेल्या नाहीत तुम्ही कधी. शेकडो माणसं एकदम कौलांना टिचक्या मारतायत आणि तुम्ही प्रत्येकीचा आवाज पारखताय, खणखणीत, खणखणीत, खणखणीत. बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. पाटकऱ्याचं धाकटं पोर आईच्या पदरात शिरलंय, थोरलं दाराच्या फटीतून हात काढून गारा गोळा करतंय. वर्षाकाठी मोजून थोडे दिवस पडणारा पाऊस, पण पडताना आडवा पडतो. वारा त्याला कौलांच्या पोटात घुसवायला बघतो. छकड्यातला तुमचा प्रश्न आठवला का?

मागच्या पडवीत टिपूस नाही. बुवा छपराकडे बघून मिशीत हसतात. चूल पेटलीय, कालवण उकळतंय, आज खरोखरची मरळ आहे, मामांनी सकाळी धरलेली. गारा थांबून धारा लागतात. पानं आतल्या खोलीत मांडलीत, पानं कमी म्हणून एकाच परातीभोवती मामा आणि पाटकरी. कंदिलाचा उजेड. आणि टप्.

मामांच्या भाकरीवर.

सगळे वर बघतात. टप्. कंदील उंच धरला जातो. मंगलोरी कौलांच्या चौथ्या ओळीत एक कौल त्याच्या शेजाऱ्यांपेक्षा बोटभर वर आहे, आणि त्याच्या ओठावर पुढचा थेंब तयार होतोय. उलट्या अक्षरांतलं बासेल मिशन अगदी स्पष्ट वाचता येतंय.

‘खाचंत बसलंय न्हवं?’ बुवा विचारतात.

तुम्ही काही बोलू नका. कोपऱ्यात तुमची गळाची काठी उभी आहे, ती घ्या. दोरी सोडा. लाकडी पेटीवर चढा, पाटकरी ती धरतोय. काठीचं टोक कौलाच्या पोटाला लावा आणि वर रेटा. पाणी काठीवरून बाहीत, बाहीतून बगलेत, बगलेतून धोतरात. थंड आहे.

‘आनखी जरा वर. उजवीकडं. उजवीकडं म्हनतोय मी, पाव्हणं. हां. आता सोडा.’

खट्कन आवाज येतो.

‘बसलं,’ बुवा म्हणतात. ‘आता काठी तेवढी बाजूला घ्या. मामांच्या कालवनात पानी गळतंय.’